घरातली पुस्तके आणि पुस्तकांतली घरे

मराठी वाङ्मयाचा इतिहास आपण बहुधा लेखकांचा आणि ग्रंथांचा म्हणून शिकवतो. वाचकाला त्यात जागा मिळते ती फार तर आवृत्त्यांच्या संख्येपुरती. परंतु एखादे पुस्तक लोकप्रिय झाले म्हणजे नेमके कुठे, कुणाच्या आवाजात आणि कुणासमोर वाचले गेले, हा प्रश्न विचारला की इतिहासाची दुसरी बाजू दिसू लागते. काही पुस्तके ग्रंथालयात वाढतात, काही वर्गात. काही मात्र घरात वाढतात. अशा घरात वाढलेल्या तीन पुस्तकांविषयी येथे लिहायचे आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’, साने गुरुजींची ‘श्यामची आई’ आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ ही ती तीन पुस्तके.

पहिली दोन एकाच काळातली आहेत. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी प्रसिद्ध झाले. ‘श्यामची आई’चे बरेचसे लेखन फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात झाले आणि पुस्तक १९३५ साली आले. दोन्ही पुस्तकांची घडण बोलण्यातून झाली आहे, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लक्ष्मीबाईंचे रीतसर शिक्षण झालेले नव्हते. त्यांचे गद्य ओटीवर बसून सांगितल्यासारखे येते. साने गुरुजींनी तर प्रकरणांना ‘रात्री’च म्हटले. आश्रमातल्या मित्रांना श्याम बेचाळीस रात्री आपल्या आईच्या आठवणी सांगतो. सांगण्यासाठी रचलेले पुस्तक मोठ्याने वाचले जाणार, हे ओघानेच आले. अक्षरओळख नसलेली माणसेही त्यामुळे या पुस्तकांचे ‘वाचक’ झाली. आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा चित्रपट आणि त्याला १९५४ मध्ये मिळालेले राष्ट्रपतींचे सुवर्णपदक हा पुढचा भाग झाला. त्याआधीच पुस्तक घरोघरी कानांनी पोचले होते.

आमच्या घरीही ते असेच आले. १९८०च्या दशकात दुपारचे निवडणे-टिपणे चालू असताना आई वाचत असे आणि आजी ऐकत असे. आजीला लिहिता-वाचता येत नव्हते, पण तिच्याइतका चिकित्सक वाचक मला पुढे क्वचितच भेटला. ‘स्मृतिचित्रे’मधील लक्ष्मीबाईंच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड आले की ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसे. बाजारातून आलेली वस्तू धुतल्याखेरीज घरात न घेणाऱ्या त्या गृहस्थांत तिला स्वतःचे सासर दिसत असे. त्या सोवळ्यासाठी ओल्या लुगड्याने तिने कितीतरी थंडीच्या सकाळी काढल्या होत्या. ज्याचा जाच झाला त्याला हसता येते, हे लक्ष्मीबाईंनी तिला शिकवले असे मी म्हणेन. विनोदी शैली हा परीक्षेतला मुद्दा आमच्या माजघरात असा जगण्याला जाऊन भिडत होता.

‘श्यामची आई’त मात्र आजी एका ठिकाणी अडत असे. ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात एका वृद्ध महार स्त्रीची लाकडांची मोळी खाली पडते. अस्पृश्य म्हणून कुणी हात लावत नाही. श्यामची आई श्यामला तिच्या डोक्यावर मोळी चढवून द्यायला सांगते, आणि घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. आई हा प्रसंग गहिवरून वाची. आजी सुपातून नजर न काढता म्हणे, “शेवटी आंघोळ करायला लावलीनच ना त्याला!”

हे वाक्य मला वाङ्मयीन दृष्ट्या महत्त्वाचे वाटते. साने गुरुजींनी आंघोळीचा तपशील गाळलेला नाही. तो गाळून आईची प्रतिमा अधिक उजळ करणे त्यांना सहज शक्य होते. त्यांनी आई तिच्या काळासकट उभी केली. करुणा तिला ओलांडून पुढे नेते आणि रूढी तिला उंबऱ्यापाशी थांबवते. तिचा मुलगा तेथे थांबला नाही. मे १९४७ मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण केले. मोळीला हात लावण्यापासून मंदिराच्या दारापर्यंतचा हा प्रवास एकाच संस्कारातून निघालेला आहे. त्या संस्काराची मर्यादा कुठे होती हेही त्याच पुस्तकात नोंदलेले आहे.

लक्ष्मीबाईंचा प्रवास याच वाटेवरचा, पण अधिक खडतर. १८९५ साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तेव्हा त्यांचे घर मोडले. पतीकडे परतल्यावरही त्यांनी आपले सोवळे काही काळ जपले. जातिभेद माणसांनी केले आहेत, हा विचार त्यांच्या मनात स्पष्ट झाला आणि मग त्यांनी ते सोडले. १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. वडिलांच्या सोवळ्याला हसणारी लेखणी स्वतःच्या सोवळ्यालाही सोडत नाही, यात ‘स्मृतिचित्रे’चे मोठेपण आहे.

तथापि या दोन्ही पुस्तकांत आपण घराच्या आतून बाहेर पाहत असतो. काही वर्षांपूर्वी मोळीचा प्रसंग शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, “त्या म्हातारीच्या घरी त्या संध्याकाळी काय बोलणं झालं असेल?” प्रश्नात आरोप नव्हता. ती खरोखरच त्या दुसऱ्या घरात जाऊ पाहत होती. तिच्या आजीनेही मोळ्या विकल्या होत्या, हे तिने नंतर सांगितले.

त्या प्रश्नाला मराठीत उत्तर आहे. ‘जिणं आमुचं’ १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून क्रमशः आणि १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. वीरगावच्या महारवाड्यातल्या बाया लाकडाच्या मोळ्या घेऊन उच्चवर्णीयांच्या आळीत विकायला जात. एखादा केस किंवा दोऱ्याचा धागा लाकडाला चिकटून घरात आला तर विटाळ होईल, म्हणून घरमालकिणी त्यांच्याकडून मोळी तपासून घेत. बेबी कांबळे हे सांगतात तेव्हा मोळी तीच असते, फक्त पाहणारे डोळे उंबऱ्याच्या दुसऱ्या बाजूला असतात. श्यामच्या आळीत जी घटना अपवादात्मक दयेची आहे, तिच्यामागचा रोजचा व्यवहार या पुस्तकात दिसतो.

आणखी एक फरक नोंदवायला हवा. न्यायमूर्ती रानड्यांनी रमाबाईंना शिकवायला घेतले तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा त्यांना विरोध सोसावा लागला, पण पतीचा आधार होता. लक्ष्मीबाईंनाही लिहा-वाचायला टिळकांनीच शिकवले. फलटणला छोटे दुकान चालवणाऱ्या बेबी कांबळे मात्र सामान बांधायच्या रद्दीतले कागद वाचत आणि आपले लेखन नवऱ्यापासून लपवून ठेवीत. ‘जिणं आमुचं’ घरात लिहिले गेले, पण घराला नकळत. घरात वाढलेली पुस्तके म्हणताना त्यात असेही घर येते.

मी ते पुस्तक आईला दिले तोवर आजी गेली होती. आईने ते दोन दिवसांत वाचले, एकदाही मोठ्याने नाही. संपल्यावर ती एवढेच म्हणाली, “हे सासूबाईंना वाचून दाखवायला हवं होतं.” त्या एका वाक्यात तिचा आजीच्या वाचनावरचा विश्वास होता आणि आमच्या माजघरात कोणते पुस्तक येऊ शकले नाही याची जाणीवही होती.

‘श्यामची आई’वर अलीकडे दोन टोकांनी बोलले जाते. कुणाला ते संस्कारांचे स्तोत्र वाटते, तर कुणाला रडके, कालबाह्य पुस्तक. दोन्ही वाचने आंघोळीच्या त्या तपशिलापाशी थांबत नाहीत. शिक्षक म्हणून मला असे वाटते की ही तीन पुस्तके अभ्यासक्रमात ‘स्त्री-आत्मकथन’, ‘बालसाहित्य’, ‘दलित साहित्य’ अशा वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवण्यात आपण विद्यार्थ्यांचे नुकसान करतो. ती एकाच आठवड्यात, शक्य तर मोठ्याने वाचावीत. कोणत्या मुलाला कोणत्या पुस्तकात आपले घर सापडते ते वर्गात मोकळेपणाने बोलले जावे, आणि ज्याला जे घर परके वाटते त्याने तेथे थोडा वेळ बसावे. आवडत्या पुस्तकाची आठवण बहुतेक वेळा आपल्या घराची आठवण असते. त्या आठवणीत मोळी घेऊन दाराशी उभे असलेले माणूस दिसू लागले, तर प्रेम कमी होत नाही. पुस्तक मात्र अधिक पूर्ण वाचून होते.