शेळीचा एक आणा

'कोंडवाडा' हा शब्द आज आपण गर्दीच्या वर्गाला किंवा एस.टी.ला सहज लावून मोकळे होतो. पण ज्या घरांत शेळी बांधलेली असे, त्या घरांना त्याचा खरा अर्थ ठाऊक होता.

गुरांच्या अतिक्रमणाचा इंग्रजी कायदा १८७१ सालचा. त्याच्या लेखी हत्तीपासून करडापर्यंत सारी गुरेच. मूळची दंडाची पट्टी वाचण्यासारखी आहे. हत्तीला दोन रुपये, उंट-म्हशीला आठ आणे, गाय-बैल-घोड्याला चार आणे, वासरू-गाढव-डुकराला दोन आणे आणि शेळी-मेंढीला एक आणा. चारापाण्याचा खर्च वेगळा. कायदा खरा उभ्या पिकाच्या रक्षणाचा; पण सार्वजनिक रस्त्यावर मोकाट फिरणारे जनावरही पोलिसाला धरता येई. त्या एका कलमाच्या वाटेने तो शहरातल्या गल्लीबोळांत शिरला.

एक आणा तो काय, असे वाटेल. पण शेळी पाळणार कोण? जिला म्हैस परवडत नाही ती. सात दिवसांत कोणी सोडवायला आले नाही, तर पोलिसांकडे वर्दी, मग नोटीस, दवंडी आणि आणखी सात दिवसांनी लिलाव. धरलेली शेळी जबरदस्तीने सोडवली, तर सहा महिने कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड. म्हणजे आठ हजार आणे! बेकायदा धरली असेल तर दहा दिवसांत मॅजिस्ट्रेटकडे दाद मागता येई. रोजगार बुडवून कचेरीच्या पायऱ्या किती बायका चढल्या असतील, कोण जाणे.

नगरपालिकांच्या कायद्यांची तऱ्हा निराळी. मुंबईच्या १८८८च्या कायद्यात डुकरांना परवानगी लागे. शेळीचे नाव नाही. जनावर कोणाला उपद्रव होईल असे ठेवू नये, एवढेच. आता उपद्रव म्हणजे काय? परसात वर्षानुवर्षे बांधलेली शेळी शेजारी नवी इमारत उभी राहिली की उपद्रव ठरू शकते. शेळी तीच, शेजार बदललेला.

आमच्या बेळगावची गोष्ट आणखी वेगळी. १ नोव्हेंबर १९५६ला ते मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि १९६६ साली त्या राज्याने गुरांच्या अतिक्रमणाचा आपला स्वतंत्र कायदा केला. कोंडवाड्याला कानडीत दोड्डी म्हणतात. शब्द कुठलाही असो, दंड आणि चारापाण्याचे पैसे मोजल्याशिवाय शेळी काही घरी येत नाही.