परक्या पेशींवर वाढलेली आपली कातडी

'कल्चर' या इंग्रजी शब्दाची मराठीत आपण वाटणी करून टाकली आहे. साहित्याच्या वर्गात तो 'संस्कृती' होतो, प्रयोगशाळेत 'संवर्धन', आणि स्वयंपाकघरात विरजण. मानवी त्वचेच्या पेशी प्रयोगशाळेत कशा वाढू लागल्या, हा इतिहास वाचताना आम्हांला या तिघांपैकी विरजणच सर्वांत जवळचे वाटले; कारण येथेही दुसऱ्याकडून आणलेल्या सजीवाखेरीज काही लागत नाही.

त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात ज्या केराटिनोसाइट पेशी असतात, त्या बशीत वाढवण्याचे प्रयत्न दीर्घकाळ फसत होते. या पेशी थोडे दिवस तग धरत आणि मग विभाजन थांबवत. त्यांच्यासोबत आलेल्या खालच्या थरातील फायब्रोब्लास्ट पेशी मात्र शेतातल्या हरळीसारख्या माजत. पीक जाई, तण उरे.

हा पेच सुटला तो वेगळ्याच कामातून. १९७० च्या दशकात एमआयटीमध्ये हॉवर्ड ग्रीन आणि त्यांचे विद्यार्थी जेम्स राइनवाल्ड उंदराच्या टेराटोमा या गाठीतील पेशींचा अभ्यास करीत होते. या गाठीत नाना प्रकारच्या ऊती एकमेकींत मिसळून वाढतात. तिच्यातून काही वसाहती अगदी त्वचेसारख्या दिसू लागल्या, आणि लक्षात आले की शेजारी फायब्रोब्लास्ट असतील तरच त्या वाढतात. म्हणजे ज्यांना तण समजून उपटून टाकायचे, त्यांच्याच आधाराची गरज होती. ग्रीन यांच्याकडे उंदराच्या अशा पेशींचा एक वंश तयारच होता. जॉर्ज टोडारो यांच्यासह त्यांनी तो १९६३ च्या सुमारास सिद्ध केला होता. दर ३ दिवसांनी ३ लाख पेशी नव्या बशीत घालायच्या, या रिवाजावरून त्याचे नाव पडले '३टी३'. (इतके निरलंकार नाव एखाद्या कवीला सुचले नसते.) या पेशींना किरणोत्साराचा मारा द्यायचा, त्या जगतात, पण वाढत नाहीत. त्यांच्या थरावर मानवी पेशी पेरल्या की एकेका पेशीतून वसाहत उभी राहते, आणि सोबत आलेल्या मानवी फायब्रोब्लास्टनाही आळा बसतो. १९७५ साली हे प्रसिद्ध झाले. त्यासाठी वापरलेली त्वचा नवजात बालकांच्या सुंतेतून आलेली होती. त्या बालकांची नावे अर्थातच कुठे नाहीत.

१९७९ मध्ये पेशींचा अखंड पापुद्रा बशीतून सोडवण्याची रीत सापडली. पुढे ३ चौरस सेंटिमीटरच्या तुकड्यापासून तीन-चार आठवड्यांत जवळजवळ सर्वांग झाकेल एवढा पापुद्रा वाढवणे शक्य झाले. १९८३ च्या जुलैत अमेरिकेतील वायोमिंगमध्ये दोन लहान भाऊ ९५ टक्क्यांहून अधिक भाजले. स्वतःची त्वचा काढून लावावी, तर काढायला जागाच उरली नव्हती. काखेत वाचलेल्या एवढ्याशा कातडीतून बॉस्टन येथे पापुद्रे वाढवून त्यांच्या सुमारे अर्ध्या शरीरावर बसवण्यात आले, आणि दोघेही वाचले. या त्वचेला घाम येत नाही, तिच्यावर केस उगवत नाहीत. तरीही ती त्यांचीच होती, म्हणून शरीराने तिला नाकारले नाही.

कातड्याचे जोडे करून घातले तरी उपकार फिटत नाहीत, असे आपण म्हणतो. येथे उपकारकर्ता उंदीर आहे, आणि कायद्याला त्या उपकाराची आठवण पक्की आहे. याच पद्धतीने बनणाऱ्या 'एपिसेल' या उत्पादनाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००७ मध्ये भाजलेल्यांवरील उपचारासाठी मर्यादित मान्यता दिली. पण वाढीच्या काळात उंदराच्या पेशींशी संपर्क आला, एवढ्या कारणासाठी त्याची नोंद परप्राणी-प्रत्यारोपणात झाली. उंदरातील एखादा विषाणू माणसांत शिरेल, ही भीती त्यामागे आहे, आणि आम्हांला ती पोकळ वाटत नाही. 'स्व' आणि 'पर' यांवर आपण परिसंवादांतून पुष्कळ बोलतो. येथे मात्र त्याचा निवाडा रुग्णाच्या हाती पडणाऱ्या सूचनापत्रकात होतो. पेशी त्याच्याच, अंगही त्याचेच. तरी त्याने यापुढे रक्तदान करू नये, असे त्यात सांगितलेले असते.