कर्ता कोण? ऑस्प्री विमानाचा विकास आणि दोषनिश्चितीचा प्रश्न

यंत्राचा इतिहास बहुधा कल्पना, प्रयोग आणि यश या क्रमाने लिहिला जातो. संकररूप यंत्राच्या बाबतीत मात्र हा क्रम अपुरा पडतो. अशा यंत्रात परस्परविरोधी गुणधर्मांची दोन तत्त्वे एकत्र नांदवावयाची असतात, आणि ती जिथे एकमेकांना भिडतात त्या सांध्याचा इतिहास निराळा लिहावा लागतो. हेलिकॉप्टर आणि विमान यांचे गुण एकवटणाऱ्या ‘व्ही-२२ ऑस्प्री’ या अमेरिकी लष्करी विमानाचा विकास हे याचे ठळक उदाहरण होय.

या कल्पनेमागील निकड समजण्यासाठी हेलिकॉप्टरची मर्यादा लक्षात घेतली पाहिजे. हेलिकॉप्टर पुढे जात असताना त्याच्या रोटरचे एका बाजूचे पाते वाऱ्यावर चालून जाते, तर दुसऱ्या बाजूचे पाते वाऱ्याबरोबर मागे सरते. वेग वाढत जातो तसतशी मागे सरणाऱ्या पात्याची उचलशक्ती घटते आणि वेगाला मर्यादा पडते. उलटपक्षी विमानाला वेग आहे, पण धावपट्टीवाचून गती नाही. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत असे आपण म्हणतो. पंखांच्या टोकांशी असलेले रोटर उभ्याचे आडवे करून नेमके तेच साधण्याचा प्रयत्न अभियंत्यांनी केला.

बेल कंपनीचे ‘एक्सव्ही-३’ हे प्रायोगिक यान १९५५ साली उडाले. पुढच्याच वर्षी त्याला गंभीर अपघात झाला. रोटर पूर्णपणे आडवे करून विमानासारखे उड्डाण करण्यास डिसेंबर १९५८ उजाडला. त्यानंतरच्या ‘एक्सव्ही-१५’ने १९७७ साली पहिले उड्डाण केले आणि १९७९ साली पूर्ण रूपांतर साधले. एप्रिल १९८० मध्ये इराणमधील अमेरिकी ओलिसांच्या सुटकेची मोहीम फसली. वाळवंटात हेलिकॉप्टर आणि मालवाहू विमान यांची टक्कर होऊन आठ सैनिक मरण पावले. दूर पल्ल्याच्या आणि तरीही उभे उतरू शकणाऱ्या वाहनाची गरज या घटनेने तीव्रपणे पुढे आली. १९८१ साली संयुक्त लष्करी प्रकल्प सुरू झाला आणि मार्च १९८९ मध्ये ऑस्प्री प्रथम आकाशात गेले. त्याच वर्षी संरक्षणमंत्री डिक चेनी यांनी खर्चाच्या कारणास्तव प्रकल्प रद्द करण्याचा प्रयत्न केला. काँग्रेसने मात्र निधी चालू ठेवला.

विकासाच्या काळातील अपघातांत तीस माणसे मृत्युमुखी पडली : १९९२ साली क्वांटिको येथे सात, एप्रिल २००० मध्ये ॲरिझोनातील माराना येथे एकोणीस, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलिनात चार. यांपैकी मारानाचा अपघात आपल्या विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रात्रीच्या सरावात विमान पुढील वेग अल्प असताना फार झपाट्याने खाली येत होते. अशा स्थितीत रोटर स्वतःच खाली ढकललेल्या हवेच्या भोवऱ्यात सापडतो आणि त्याची उचलशक्ती नाहीशी होते. साध्या हेलिकॉप्टरलाही हा धोका असतोच. परंतु ऑस्प्रीचे दोन रोटर शेजारी-शेजारी असल्याने त्यांपैकी एकच भोवऱ्यात अडकला आणि विमान उलटून कोसळले. हा धोका दोन्हींच्या संयोगातून उद्भवला होता.

हा वृत्तान्त मराठीत सांगू लागले की व्याकरणच एक प्रश्न उभा करते. ‘वैमानिकांनी विमान वेगाने खाली आणले’ या वाक्याला कर्ता आहे. ‘उतरणीच्या चाचण्यांत कपात करण्यात आली’ या कर्मणी वाक्याला कर्ता नाही. दोन्ही विधाने खरी आहेत. पहिले मरीन दलाने २००० सालीच ठळकपणे मांडले आणि मोहीम पार पाडण्याच्या वैमानिकांच्या ओढीकडे बोट दाखवले. दुसरे अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २००१ साली नोंदवले. ज्या वाक्याला कर्ता होता ते लोकांच्या स्मरणात राहिले. आणि तो कर्ता स्वतःची बाजू मांडण्यास हयात नव्हता.

यानंतर विमानाचे उड्डाण थांबवण्यात आले. मे २००२ मध्ये चाचण्या पुन्हा सुरू झाल्या, भोवऱ्याच्या स्थितीचा सखोल अभ्यास झाला, आणि धोक्याची सूचना देणारी योजना वैमानिककक्षात बसवण्यात आली. २००७ साली विमान इराकमध्ये कामगिरीवर गेले. वैमानिकांच्या नावावरील ठपका मात्र तसाच राहिला. काँग्रेसचे सदस्य वॉल्टर जोन्स यांनी दीर्घकाळ पाठपुरावा केल्यानंतर २०१६ साली उपसंरक्षणमंत्री रॉबर्ट वर्क यांनी लेखी मान्य केले की, विकास आणि सुरक्षा कार्यक्रमांतील उणिवांचाही या दुर्घटनेत वाटा असण्याची शक्यता आहे व वैमानिकांची ओढ हे प्राणघातक कारण मानता येणार नाही. वाक्याचा कर्ता बदलण्यास सोळा वर्षे लागली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये जपानच्या याकुशिमा बेटाजवळ ऑस्प्री कोसळून आठ जण मरण पावले. २०२४ च्या चौकशी अहवालाने गिअरबॉक्सचा बिघाड आणि उतरण्यास विलंब करण्याचा वैमानिकाचा निर्णय अशी दोन्ही कारणे मांडली. यंत्र आणि माणूस दोघेही एकाच अहवालात आले, हा फरक लक्षणीय आहे. तथापि गिअरबॉक्स स्वतःहून तुटत नाही; त्याच्या धोक्याची माहिती कुणाजवळ होती आणि ती कुठवर पोहोचली, हा प्रश्न उरतोच.

कथनमीमांसेच्या अभ्यासकांना अपघाताचा अहवाल हा साहित्यप्रकार वाटणार नाही. परंतु घटनांची निवड, त्यांचा क्रम आणि कर्त्याची स्थापना ही कामे तोही करतो. आणि तिथे एका वाक्याच्या रचनेवर मृताच्या कुटुंबाची प्रतिष्ठा अवलंबून असते. म्हणून संकररूप यंत्राचा इतिहास लिहिताना प्रत्येक कर्मणी वाक्यापाशी थांबून त्याचा लुप्त कर्ता शोधणे, हे इतिहासकाराचे पहिले कर्तव्य ठरते.