पक्षाघातानंतर मेंदूचे रक्षण : वनस्पतिजन्य औषधे किती उपयोगी?

मेंदूला रक्त पुरविणाऱ्या मोठ्या वाहिनीत गुठळी अडकली, तर दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात. अमेरिकेतील मेंदूविकारतज्ज्ञ जेफ्री सेव्हर यांनी हे गणित २००६ मध्ये मांडले. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. निवडक रुग्णांमध्ये २४ तासांपर्यंत नळीद्वारे गुठळी बाहेर काढता येते.

मात्र, वाहिनी मोकळी झाली म्हणजे हानी थांबली, असे होत नाही. मृत भागाभोवतीच्या अर्धमेल्या पेशींमध्ये ग्लुटामेट व कॅल्शियमचा अतिरेक, मुक्त कण आणि दाह यांची साखळी सुरूच राहते. ही साखळी तोडणारे औषध शोधण्यासाठी संशोधक अनेक दशके धडपडत आहेत. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात अशा १०२६ उपचारांची नोंद होती. त्यांपैकी ११४ माणसांवरील चाचण्यांपर्यंत पोहोचले. पण जगभर मान्य झालेले मेंदूरक्षक औषध त्यातून निघाले नाही. निरोगी, तरुण उंदराला झटक्याच्या आधी किंवा लगेच औषध देणे आणि मधुमेह, रक्तदाब असलेल्या ज्येष्ठ रुग्णाला काही तासांनी औषध देणे यांत मोठा फरक आहे.

सेलरी आणि भीमसेनी कापूर

या पार्श्वभूमीवर दोन वनस्पतिजन्य रेणू लक्ष वेधून घेतात. पहिला ब्यूटिलथॅलाइड. सूप आणि चायनीज पदार्थांत पडणाऱ्या सेलरीच्या बियांमध्ये तो सापडला. चीनने २००२ मध्ये पक्षाघातावरील औषध म्हणून त्याला मान्यता दिली. औषधातील रेणू मात्र कारखान्यात तयार केला जातो. २०२३ मध्ये 'जामा न्यूरॉलॉजी'त १२१६ चिनी रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. झटक्यानंतर सहा तासांच्या आत औषध सुरू करून ते ९० दिवस देण्यात आले. औषध घेतलेल्यांपैकी ५६.७ टक्के रुग्णांमध्ये समाधानकारक सुधारणा झाली. औषधाविना हे प्रमाण ४४ टक्के होते. म्हणजे साधारण आठ रुग्णांमागे एकाला जास्तीचा लाभ. या सर्वांवर गुठळी विरघळविण्याचे किंवा काढण्याचे उपचारही झाले होते, हे विसरून चालणार नाही.

दुसरा रेणू बोर्निऑल, म्हणजे अस्सल भीमसेनी कापराचा मुख्य घटक. एडाराव्होन या औषधाच्या जोडीला तो देऊन चीनमध्येच ११६५ रुग्णांवर चाचणी झाली. तुलना नुसत्या एडाराव्होनशी होती, त्यामुळे कस लागला तो बोर्निऑलचाच. २०२१ मधील निष्कर्षांनुसार ९० दिवसांनंतर दैनंदिन कामे स्वतः करू शकणाऱ्यांचे प्रमाण ६७ टक्के, तर नुसत्या एडाराव्होनवर ५९ टक्के होते. याचा अर्थ देवघरातील कापूर खावा, असा मुळीच नाही. साधा कापूर पोटात गेल्यास फिट येऊ शकते.

अपयशांची यादीही मोठी आहे. प्रामुख्याने वनौषधींपासून बनविलेल्या 'न्यूरोएड' या मिश्रणाचा सुमारे ११०० रुग्णांवरील मुख्य चाचणीत, २०१३ मध्ये, ठोस लाभ दिसला नाही. मेंदूत रक्तस्राव झालेल्या १६४८ रुग्णांना दिलेले एक पारंपरिक चिनी मिश्रणही २०२४ मध्ये निष्प्रभ ठरले. हळदीतील कुरक्युमिन उंदरांमध्ये प्रभावी दिसते. पण ते पोटातून रक्तात फारच कमी शोषले जाते.

घरी काढा नको

चेहरा वाकडा होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही दिसल्यास रुग्णाला तोंडाने काढा, चाटण किंवा पाणीही देऊ नये. पक्षाघातात गिळण्याची क्रिया बिघडते आणि घोट श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. शिवाय झटका गुठळीमुळे आला की रक्तस्रावामुळे, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू असणाऱ्यांनी गिंको किंवा हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल घेत असल्यास डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण त्यांमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. स्वयंपाकातील चिमूटभर हळदीला अर्थातच हे लागू नाही.