'ओ' दिसणारे रक्त

आनुवंशिकतेचा धडा शिकवताना मी दहावीच्या वर्गाला एक प्रश्न हमखास घालत असे. आईचा रक्तगट ओ, वडिलांचा ए आणि मुलाचा एबी, असे होऊ शकेल का? मुले वहीत चौकट आखत, अक्षरे मांडत आणि एका सुरात सांगत, "नाही सर!" पुस्तकाप्रमाणे उत्तर बरोबरच. पण मागच्या बाकांवर त्या वेळी जी खसखस पिके, तिच्यासाठीच मी हा प्रश्न राखून ठेवलेला असे. चार अक्षरांच्या चौकटीवरून कुणा आईच्या चारित्र्याचा निकाल लावता येतो, असे वाटणारे लोक शाळेबाहेरही काही कमी नाहीत. या प्रश्नाचे खरे उत्तर "सहसा नाही" असे आहे आणि त्यातल्या 'सहसा' या शब्दाचा इतिहास आपल्या परळमध्ये घडला आहे.

आधी थोडी पूर्वपीठिका. व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी आपल्याच सहकाऱ्यांची रक्ते एकमेकांत मिसळून पाहिली आणि 1901 मध्ये माणसांचे रक्तगट जगापुढे मांडले. हे गट मेंडेलच्या नियमांनी वारशात येतात हे 1910 मध्ये दाखवले गेले. 1924 मध्ये फेलिक्स बर्नस्टाइन या जर्मन गणितज्ञाने हिशेब पक्का केला. ए, बी आणि ओ ही एकाच जनुकाची तीन रूपे असून प्रत्येकाकडे त्यातली दोन असतात. एक आईकडून, एक वडिलांकडून. ए आणि बी प्रभावी, ओ अप्रभावी. शाळेतली चौकट ती हीच. पुढची सुमारे अठ्ठावीस वर्षे ती निर्धास्त वापरली गेली.

मग 1952 साल उजाडले. मुंबईच्या केईएम रुग्णालयात आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात काम करणारे डॉ. वाय. एम. भेंडे, सी. के. देशपांडे आणि एच. एम. भाटिया यांच्यासमोर काही विलक्षण रक्तनमुने आले. तांबड्या पेशी तपासल्या तर ए नाही, बी नाही. म्हणजे ओ म्हणायचे. पण या व्यक्तींचा रक्तद्रव ओ गटाच्या पेशींशी मिसळला की त्यांच्याही गुठळ्या होत. ओ रक्त तर कुणालाही चालते, अशी तेव्हाची समजूत! लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स हे नामांकित संशोधकही या कामात सहभागी झाले आणि त्याच वर्षी 'लॅन्सेट' या नियतकालिकात शोधनिबंध आला. हा गट पुढे 'बॉम्बे' नावाने ओळखला जाऊ लागला.

भानगड काय होती? कल्पना करा, तांबड्या पेशीच्या भिंतीवर खुंट्या ठोकलेल्या आहेत. त्या खुंटीला शास्त्रज्ञ एच प्रतिजन म्हणतात. ए गटाच्या माणसाच्या खुंटीवर एक टोपी असते, बी गटाच्या खुंटीवर दुसरी. एबीकडे दोन्ही प्रकारच्या. ओ गटाच्या खुंट्या नुसत्याच, मोकळ्या. आणि बॉम्बे गटात? तिथे मुळात खुंटीच नाही. त्या माणसाला आईवडिलांकडून ए किंवा बीची टोपी मिळालेली असू शकते, पण ती टांगायची कुठे? तपासणीत टोपी दिसत नाही म्हणून अहवालात ओ लिहिले जाते.

खुंटी घडवणारे जनुक वेगळे आहे. त्याच्या दोन्ही प्रती निकामी असतील तरच हा प्रकार होतो; एक जरी चांगली असली तरी काम भागते. आता माझा वर्गातला प्रश्न पुन्हा पाहा. आई बॉम्बे गटाची असेल तर तिच्याकडे लपलेले बी जनुक मुलाकडे जाते, वडिलांकडून त्याला ए मिळते आणि शाबूत खुंटीही मिळते. मूल एबी होते. ही नुसती कागदावरची शक्यता नाही. 1955 मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हाइन आणि सहकाऱ्यांनी असेच एक कुटुंब नोंदवले. ओ भासणाऱ्या आईने आपल्या अपत्याला बी दिलेला होता.

हा गट किती दुर्मीळ? मुंबईत 1974 च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या पाहणीत साधारण 7,600 माणसांत एक असे प्रमाण आढळले. युरोपात ते दहा लाखांत एकाच्या आसपास सांगतात. ज्यांना गणित आवडते त्यांच्यासाठी सांगतो. 7,600 चे वर्गमूळ सुमारे 87. म्हणजे निकामी जनुकाचे प्रमाण 87 त एक, आणि त्याची एकच प्रत बाळगणारी, स्वतः अगदी धडधाकट असलेली माणसे साधारण 44 त एक. लोकलच्या भरलेल्या डब्यात अशी दोनचार माणसे सहज उभी असतील आणि त्यांना त्याचा पत्ताही नसेल. हा हिशेब लग्ने नात्याबाहेर होतात असे धरून केला आहे. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल जिथे आहे, तिथे एकाच आजीआजोबांचे निकामी जनुक दोन्ही बाजूंनी भेटण्याची शक्यता बरीच वाढते.

क्लोनिंग म्हटले की मुलांना डॉली मेंढीच आठवते. पण जनुकाचेही क्लोनिंग होते, म्हणजे ते एकटे बाहेर काढून त्याच्या हव्या तितक्या प्रती करता येतात. अमेरिकेच्या मिशिगन विद्यापीठात जॉन लो यांच्या गटाने 1990 मध्ये खुंटीच्या जनुकावर हेच काम केले. हे जनुक 19 व्या गुणसूत्रावर असते. त्याच्या हुकमाने बनणारे विकर 365 अमिनो आम्लांचे, आणि भारतीय बॉम्बे गटात त्यातले 242 वे तेवढे बदललेले सापडले. एका अक्षराची चूक, एवढेच!

पण त्या अक्षरापायी जीव जाऊ शकतो. बॉम्बे गटाच्या माणसाच्या रक्तात ए, बी आणि एच या तिन्हींविरुद्ध प्रतिपिंडे असतात आणि मोकळ्या खुंट्या सर्वांत जास्त ओ रक्तातच. तेव्हा त्याला चढवलेली ओची बाटली सगळ्यांत घातक ठरते. म्हणूनच रक्तपेढीत पेशींबरोबर रक्तद्रवही तपासायचा असतो, तोही ओ पेशींशी. हल्ली युलेक्स नावाच्या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्कही वापरतात. तो मोकळ्या खुंट्यांना धरतो. त्याने गुठळी झाली नाही तर शंका घ्यायची.

अशा रुग्णाला फक्त बॉम्बे गटाचेच रक्त चालते. ते लागले की डॉक्टर आधी सख्ख्या भावाबहिणींना बोलावतात. आईवडील दोघेही एकेक निकामी प्रत बाळगणारे असतील तर प्रत्येक भावंड त्याच गटाचे असण्याची शक्यता चारात एक. भावंडांत कुणी नसले तर नोंदवह्यांतून दात्याचा शोध सुरू होतो, कधी कधी दुसऱ्या राज्यापर्यंत.