चेनसॉ म्हणजे काय? ती कशी चालते, चेन ब्रेक कशासाठी असतो आणि अंगावर काय घालावं?



मी मुरबाड तालुक्यात म्हसा परिसरात झाडं छाटायची आणि पावसाळ्यात पडलेली झाडं तोडून रस्ता, अंगण मोकळं करायची कामं करतो. आमच्याकडे भाताच्या राबासाठी ऐनाच्या फांद्या तोडायच्या तर कोयता नि कुऱ्हाड पुरायची. आता गावोगावी चेनसॉ आली आहे. आम्ही तिला ‘कटर मशीन’ म्हणतो. दुकानात ती चालू कशी करायची ते दहा मिनिटांत दाखवतात. पण ती थांबते कशी, हे फारसं कोणी सांगत नाही. माझ्या पहिल्या मशीनला ब्रेकच नव्हता आणि मला ते माहीतही नव्हतं. म्हणून हा लेख.

चेनसॉ कशी चालते?

बहुतेक मशीनमध्ये टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन असतं. मशीन नुसती चालू असते तेव्हा इंजिन मिनिटाला साधारण २,८०० फेरे घेतं आणि साखळी स्थिर असते. ट्रिगर दाबला की फेरे वाढतात, क्लच पकडतो आणि पट्टीभोवती साखळी पळू लागते. पूर्ण वेगात साखळी सेकंदाला सुमारे २० मीटर धावते, म्हणजे ताशी ७० किलोमीटरच्या पुढे.

किकबॅक म्हणजे काय?

पट्टीच्या टोकाचा वरचा अर्धा भाग हा या मशीनचा सगळ्यात धोक्याचा भाग. तो लाकडाला टेकला की दात कापण्याऐवजी अडकतो आणि पट्टी उसळून वर, मागे, थेट आपल्या तोंडाकडे येते. यालाच किकबॅक म्हणतात. हे डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. ‘मी हात आवरेन’ असं कोणी म्हणत असेल तर विश्वास ठेवू नका, तेवढा वेळच मिळत नाही.

माझ्या बाबतीत काय झालं?

मशीन जुनी घेतली होती. पुढच्या दांड्यासमोर जो काळा प्लास्टिकचा गार्ड असतो, तो तिला नव्हता. विकणारा म्हणाला, ‘मध्ये मध्ये येतो, म्हणून काढला.’ मलाही ते पटलं. पहिल्याच पावसात एक शिरीष आडवा झाला होता. फांदी कापताना पाल्याआड दुसरी फांदी होती, तिला पट्टीचं टोक लागलं. पुढचं मला आठवतं ते एवढंच, की मामांनी मशीन बाजूला फेकली आणि माझ्या खांद्यावर टॉवेल दाबून धरला. मुरबाडला नेईपर्यंत टॉवेल भिजला होता. डाव्या खांद्याला अकरा टाके पडले आणि ऐन कामाच्या दिवसांत दीड महिना घरी बसलो. चार बोटं इकडे लागलं असतं तर मान होती.

नंतर कळलं, तो गार्ड नुसता हाताला फांद्या लागू नयेत म्हणून नसतो. तोच चेन ब्रेकचा दांडा असतो. मशीन उसळली की डाव्या हाताचं मनगट त्यावर आपटतं आणि साखळी जागच्या जागी थांबते. आताच्या बहुतेक मशीनमध्ये हात लागला नाही तरी नुसत्या झटक्यानेही ब्रेक लागतो. गार्ड काढला की हे दोन्ही गेलं.

चेन ब्रेक रोज कसा तपासावा?

१. मशीन दोन्ही हातांनी घट्ट धरून चालू करा, ट्रिगर दाबा आणि डाव्या मनगटाने गार्ड पुढे ढकला. साखळी लगेच थांबली पाहिजे.
२. इंजिन बंद करा. मशीन एखाद्या ओंडक्याच्या हातभर वर धरा, पुढचा हात सोडा आणि पट्टीचं टोक ओंडक्यावर पडू द्या. ब्रेक आपोआप लागला पाहिजे.

यातलं एकही झालं नाही तर त्या दिवशी काम नाही, आधी दुरुस्ती.

अंगावर काय घालावं?

- हेल्मेट, जाळी आणि इअरमफ: हेल्मेटवर आयएस २९२५ हा मार्क बघा. कानाजवळ आवाज १०० डेसिबलच्या वर जातो, कापसाचा बोळा पुरत नाही.
- चेनसॉ पँट किंवा चॅप्स: आत लांब, चिवट धाग्यांचे थर असतात. साखळी लागली की धागे ओढले जाऊन चाकात गुंततात आणि साखळी अडते. क्लास १ म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगावर तपासलेली. एकदा कापली गेली की ती बदलायची, शिवून चालत नाही.
- बूट: पुढे स्टीलची टोपी आणि पकड असलेला तळ. चप्पल नको.
- हातमोजे: पकड चांगली हवी. अंगठा दांड्याखालून गुंडाळलेला असावा.

चॅप्समध्ये उकडतं, हे खरं आहे. म्हणून एप्रिल-मे महिन्यात मी सकाळी साडेसहाला सुरू करतो आणि अकराला थांबतो. चॅप्स घरी ठेवण्यापेक्षा वेळ बदलणं सोपं.

झाड पाडताना

आधी झाडाचा कल, वाळक्या फांद्या आणि वरच्या तारा बघायच्या. तार जवळ असेल तर महावितरणला सांगून लाइन बंद झाल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरात कोणी उभं राहू द्यायचं नाही. पळायची वाट तिरकी मागच्या बाजूला, आधीच साफ केलेली. पडायच्या बाजूला व्यासाच्या साधारण पाव भाग खाच घ्यायची. मागून कापताना एक दशांश लाकूड न कापता ठेवायचं, तेच बिजागरीसारखं झाडाला दिशा देतं.

मशीनची काळजी

- इंधन ५०:१ असेल तर १ लिटर पेट्रोलला २० मिली टू-स्ट्रोक ऑइल. आपल्या मशीनचं प्रमाण पुस्तिकेत बघा.
- पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, ते ओल धरतं. मशीन बरेच दिवस ठेवायची असेल तर टाकी रिकामी करा.
- साखळीला धार असेल तर मोठे कीस पडतात. पिठासारखा भुसा पडू लागला की कानस लावा. बोथट साखळीने माणूस मशीन दाबतो, आणि तिथेच अपघात होतो.

परवानगी लागते का?

हो. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ प्रमाणे साग, आंबा, मोह, ऐन, जांभूळ, खैर अशी झाडं स्वतःच्या जमिनीत असली तरी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. कागद बघितल्याशिवाय मी मशीन गाडीतून काढत नाही.

थोडक्यात

जुनी मशीन घेणार असाल तर इंजिनाचा आवाज नंतर ऐका, आधी पुढचा गार्ड आहे का बघा. आणि कोणी ‘तो काढून टाक, मध्ये येतो’ म्हणालं, तर त्याला सांगा: दादा, तो मध्ये यायलाच बसवलाय, माझ्या आणि साखळीच्या मध्ये.