विमा कंपनीची जमीन

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देते. कारखानदाराला एवढा काळ पुष्कळ झाला. विमा कंपनीला तो पुरेल का, हा प्रश्न तिथल्या काचेच्या कचेऱ्यांसमोरून जाताना आम्हांला पडतो.

आयुर्विम्याचा हप्ता आज येतो, रक्कम द्यायची ती तीस वर्षांनी. मधल्या काळात पैसा टिकेल अशा ठिकाणी हवा. म्हणून कचेरीपुरती जागा असूनही कंपनीला शेजारची हवीशी वाटते: पुढे विस्ताराच्या वेळी शेजारी अडवून धरू नये, आणि तोवर भाडे येत राहावे. दगडी वास्तूने विमेदाराला भरवसा वाटतो, हे निराळेच. फोर्टमधली न्यू इंडिया अॅश्युरन्सची १९३६ची शिल्पमंडित इमारत पाहावी.

मुंबईत मात्र भाड्याचा हिशेब चुकला. १९४७च्या कायद्याने जुनी भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. १९५६ साली २४५ संस्था मिळून आयुर्विमा महामंडळ झाले, तेव्हा जुन्या इमारती त्याच्याकडे आल्या त्या भाडेकरूंसकट. जमिनीचे मोल चढत गेले, भाडे पुष्कळदा दुरुस्तीलाही पुरेना. यात भाडेकरूंना दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. पण पोटाला चिमटा घेऊन हप्ता भरणाऱ्या गिरगावातल्या कारकुनाच्या बोनसात, न विकलेल्या जमिनीचे ते मोल उतरणार तरी कसे?